दहावीनंतर सायन्स घेताय? आधी गट, मग कॉलेज, मग क्लास

दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, क्लास कुठला लावू?" दुसरा प्रश्न कॉलेजचा. आणि पीसीएम (भौतिक-रसायन-गणित) घ्यायचं की पीसीबी (भौतिक-रसायन-जीवशास्त्र), हे अर्ज भरायच्या दिवशी सायबर कॅफेत बसलेला मुलगा सांगेल तसं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी वीसहून अधिक वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो. एवढ्या वर्षांत हुशार मुलांची जी नुकसानं पाहिली, त्यातली बरीचशी या उलट्या क्रमातून झालेली होती. म्हणून हा लेख सुलट क्रमाने लिहितो आहे.

आपल्या कोकण विभागीय मंडळाचा निकाल राज्यात बहुतेक दरवर्षी पहिला असतो. २०२५ मध्ये दहावीचा ९८.८२ टक्के आणि बारावीचा ९६.७४ टक्के लागला. मुलं अभ्यास करतात, शिक्षक राबतात, त्याचं हे फळ आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण बोर्डात पास होणं आणि प्रवेश परीक्षेत टिकणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची तयारी अकरावीच्या विषयांपासून सुरू होते.

गट कसा ठरवायचा

राज्य मंडळाच्या अकरावी-बारावी विज्ञानाला इंग्रजी सक्तीचं. त्याशिवाय दुसरी भाषा किंवा माहिती तंत्रज्ञान, आणि मग भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र यांतले विषय. काही कॉलेजांत भूगोलही घेता येतो. पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण हे सर्वांनाच असतात. १०० गुणांचे सहा विषय, एकूण ६००.

आता प्रत्येक गटाने काय उघडतं आणि काय बंद होतं ते बघू. बंद काय होतं याकडे जास्त लक्ष द्या.

गणित सोडून पीसीबी घेतलं तर अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, मर्चंट नेव्ही, एनडीएमधून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) नौदल किंवा हवाई दल, आणि पुढे भौतिकशास्त्र-गणितातली पदवी यांचे रस्ते बंद होतात किंवा फार अरुंद होतात. जीवशास्त्र सोडून पीसीएम घेतलं तर एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, पशुवैद्यक आणि बीएस्सी नर्सिंग गेलं. मत्स्यशास्त्राकडे जायचं असेल तरी जीवशास्त्र घेऊनच जावं. औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी हे दोन मात्र दोन्ही बाजूंनी खुले आहेत.

माझं मत स्पष्ट आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलाचं नक्की ठरलेलं नसेल आणि दहावीला गणितात बरे गुण असतील, तर चारही विषय घ्यावेत. ओझं वाढतं, खोटं कशाला सांगू. पण एक विषय पुढे कमी वेळ देऊन ओढता येतो, सोडलेला विषय मात्र वर्ष घालवल्याशिवाय परत मिळत नाही. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातला एक मुलगा गणिताच्या धास्तीने पीसीबीला गेला. बारावीत असताना मामाच्या जहाजावरच्या गोष्टी ऐकून त्याला मरीन इंजिनीअरिंग करावंसं वाटू लागलं. गणित नाही म्हटल्यावर पात्रताच नाही. त्याने नंतर गणिताचा पेपर वेगळा दिला, त्यात वर्ष गेलं, आणि तोवर घरचं पाठबळही आटलं. त्याला मी दहावीनंतर भेटलो असतो तर, हे अजून मनात येतं.

बायफोकल हा आणखी एक पर्याय. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स यांसारखा २०० गुणांचा एक व्यावसायिक विषय दुसरी भाषा आणि आणखी एक विषय यांच्या जागी येतो. प्रात्यक्षिकात गुण चांगले पडतात म्हणून मुलं तिकडे वळतात. अभियांत्रिकीला जायचं पक्कं असेल तर खुशाल घ्या. पण पीसीएमबरोबर बायफोकल घेतलं की जीवशास्त्राला जागाच उरत नाही, हे समजून घ्या.

कुठल्या वाटेला कुठली परीक्षा

मुलं "सीईटी" हा एकच शब्द सगळ्यासाठी वापरतात आणि तिथेच गोंधळ होतो.

एमएचटी-सीईटी ही राज्याची परीक्षा: अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी आणि संलग्न शाखांसाठी. पीसीएम आणि पीसीबी असे तिचे दोन वेगळे गट आहेत. भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, वेळ ९० मिनिटं. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. जीवशास्त्राचे १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, पुन्हा ९० मिनिटं. दोन्ही गटांत एकूण २०० गुण. साधारण २० टक्के भार अकरावीच्या आणि ८० टक्के बारावीच्या अभ्यासक्रमावर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. शेवटची दोन मिनिटं उरलेले पर्याय भरायला राखून ठेवा. २०२६ पासून ही परीक्षा वर्षात दोनदा देण्याची सोय झाली आहे. दोन्हींतला चांगला निकाल धरला जातो, त्यामुळे पहिल्या वेळची धास्ती थोडी कमी होते.

सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो आणि पालक त्याला टक्के समजतात. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर निराळा, म्हणून गुणांऐवजी तुलना दिली जाते. ९० पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रातल्या शंभरातली नव्वद मुलं तुमच्याइतकी किंवा तुमच्या मागे. अगदी कमी प्रश्न बरोबर आलेल्या मुलालाही दिसायला मोठा आकडा मिळू शकतो, आणि त्याच आकड्यावर हवं ते कॉलेज हुकूही शकतं. आधीच्या वर्षीची कट-ऑफ यादी समोर ठेवूनच तो आकडा वाचा.

नीट ही वैद्यकीय शाखांची देशभराची एकच परीक्षा. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. भौतिक ४५, रसायन ४५, जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. इथे अंदाजपंचे ठोकणं महागात पडतं. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तरच उरलेल्या दोनांत धाडस करावं. नीटची भाषा एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या पाठ्यपुस्तक संस्थेच्या, पुस्तकांची आहे. राज्य मंडळाचं जीवशास्त्र उत्तम पाठ असलेली मुलंही एनसीईआरटीतल्या एखाद्या ओळीवर अडतात. ती पुस्तकं एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. अकरावीच्या दिवाळीपर्यंत जीवशास्त्राचं एक वाचन पूर्ण झालेलं असावं. सरकारी महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात. आता रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि अलिबाग इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली आहेत. डॉक्टर व्हायला मुंबई-पुण्यालाच गेलं पाहिजे, ही आपल्या वडीलधाऱ्यांची समजूत आता जुनी झाली.

जेईई मेन ही अभियांत्रिकीची देशभराची परीक्षा जानेवारी आणि एप्रिल अशा दोन सत्रांत होते: ७५ प्रश्न, ३०० गुण, तीन तास. तिच्यातून एनआयटी (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) मिळते, आणि वरच्या अडीच लाखांना जेईई अॅडव्हान्स्ड देऊन आयआयटीचा दरवाजा ठोठावता येतो. बारावीला ७५ टक्क्यांची अट आहे (अनुसूचित जाती-जमातींना ६५), किंवा मग मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं.

वेळेचा हिशेब एकदा कागदावर मांडा. सीईटीच्या भौतिक-रसायनला एका प्रश्नाला ५४ सेकंद, गणिताला १०८ सेकंद, नीटला एक मिनिट, जेईई मेनला २ मिनिटं २४ सेकंद. या आकड्यांवरून परीक्षेचा स्वभाव कळतो. सीईटी वेगाची आहे, जेईई खोल विचाराची. दोन्हींची तयारी एकाच वहीतून होत नाही.

ज्यांना शोधायची, खोदायची आवड आहे त्यांच्याशी आपल्याकडे कुणी बोलतच नाही. पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञान संशोधनाच्या संस्थांमध्ये पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. त्याची परीक्षा ६० प्रश्नांची, २४० गुणांची. भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र प्रत्येकी १५ प्रश्न. चारही विषय ठेवणाऱ्यांना इथे सरळ फायदा होतो. भुवनेश्वरची नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या आवारातलं मूलभूत विज्ञान केंद्र यांच्यासाठी नेस्ट ही वेगळी परीक्षा असते.

समुद्र आणि मातीच्या वाटा

या भागात थोडं रेंगाळतो, कारण किनाऱ्यावर राहून आपणच या वाटा कमी धरतो.

रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ पासूनचं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा तो भाग. चार वर्षांची मत्स्यशास्त्राची पदवी. मत्स्यबीज, कोळंबी संवर्धन, प्रक्रिया, निर्यात, जाळ्यांचं तंत्र, सगळं त्यात येतं. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. दापोलीला कृषी, वनशास्त्र, उद्यानविद्या, कृषी अभियांत्रिकी. कुडाळजवळ मुळद्याला उद्यानविद्या. ज्या घरात आंब्याची कलमं आहेत, काजूची बाग आहे, त्या घरातल्या मुलाने कृषीला जाणं कमीपणाचं मानलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथले प्रवेश सीईटीवर होतात. शेतकरी कुटुंबाला भारांक (जादा गुण) मिळतो, तेव्हा सातबारा काढून ठेवा. कोकणात सातबाऱ्यावर तीन पिढ्यांची नावं असतात आणि वडिलांचं नाव लागलेलंच नसतं. वारसनोंद बाकी असेल तर तलाठ्याकडे आत्ताच जा, ते काम आठवड्यात होत नाही.

मर्चंट नेव्हीसाठी भारतीय सागरी विद्यापीठाची आयएमयू-सीईटी आहे: २०० प्रश्न, तीन तास. बारावीला पीसीएममध्ये सरासरी ६० टक्के आणि इंग्रजीत ५० टक्के लागतात. त्याआधी डोळे तपासा. डेकच्या (जहाज चालवण्याच्या) शाखेला नजर आणि रंगओळख यांचे निकष कडक असतात. रंगांधळेपणा बारावीनंतर कळला तर दोन वर्षांचं स्वप्न एका तासात संपतं. म्हणून ही तपासणी दहावीच्या सुट्टीत करा. आणि जहाजावर लावून देतो म्हणून कुणी आगाऊ पैसे मागितले तर ती संस्था नौवहन महासंचालनालयाची मान्यताप्राप्त आहे का, हे आधी बघा. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांनी यात कर्ज काढून पैसे घालवले आहेत.

कॉलेज आणि अर्ज

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होतात. अर्जाचा पहिला भाग माहितीचा, दुसरा पसंतीक्रमाचा. जास्तीत जास्त दहा कॉलेजं देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि तुम्ही गेला नाहीत, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडता. म्हणून पहिल्या क्रमांकावर ऐकीव मोठं नाव नको. जिथे मुलगा रोज जाणार आहे तेच हवं.

आपल्याकडे अंतर हाच मोठा निकष. वाडीपासून फाट्यापर्यंत चालत किती, एसटी किती वाजता, जुलैच्या पावसात ती येते का, परतीची शेवटची गाडी कधी. रोजचे तीन तास प्रवासात गेले तर दोन वर्षांत अभ्यासाचा केवढा वेळ जातो, ते मुलासमोर बसून मोजा. विद्यार्थी पासाला भाड्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढेच पैसे पडतात, आणि मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटी मोफत आहे. पैसा वाचतो, पण थकवा वाचत नाही. नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात राहायची सोय होत असेल तर तिचा विचार करावा.

प्रवेशाआधी एकदा प्रयोगशाळा बघून या. प्रात्यक्षिकं वर्षभर होतात की जानेवारीत घाईने उरकली जातात, हे तिथल्या बारावीच्या मुलांना विचारा. भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांत ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे; गणितात ८० आणि २०.

दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडच्या पालकांना एक कळकळीची सूचना. गोवा जवळ म्हणून मुलाला तिकडच्या उच्च माध्यमिकला घालण्याआधी थांबा. महाराष्ट्राच्या कोट्यातून एमबीबीएसला जागा मिळवायची तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेल्या असाव्या लागतात. अधिवास दाखला एकटा पुरत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी पहिले तीन महिने

सेमी इंग्रजीच्या मुलांना फारसं जड जात नाही. पूर्ण मराठी माध्यमातली मुलं मात्र जुलैमध्ये गप्प होतात, आणि ती गप्प झाली की आम्ही शिक्षक समजतो त्यांना विषय येत नाही. विषय येत असतो, शब्द येत नसतात.

उपाय साधा आहे. निकालाची वाट न बघता एप्रिलमध्येच एक वही करा. डावीकडे दहावीच्या पुस्तकातला मराठी शब्द: अपवर्तन, संवेग, त्वरण, संयुजा, गुणसूत्र. उजवीकडे त्याचा इंग्रजी शब्द, उच्चारासह. दहावीच्या विज्ञानाची इंग्रजी आवृत्ती बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून रोज दोन पानं वाचा. धडा ओळखीचा असतो, त्यामुळे अर्थासाठी झगडावं लागत नाही आणि शब्द आपोआप बसतात. दीड महिन्यात चार-पाचशे शब्द होतात.

दुसरी तयारी गणिताची. अकरावी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्याच प्रकरणात सदिश (व्हेक्टर) आणि कलन (कॅल्क्युलस) येतं, गणिताच्या तासाला ते शिकवून व्हायच्या आधी. सुट्टीत त्रिकोणमिती, घातांकांचे नियम आणि लॉगची कोष्टकं वापरणं एवढं पक्कं करा.

नीट आणि जेईई मेन मराठीतूनही देता येतात. पण दोन वर्षं इंग्रजीतून शिकून पेपर मराठीत निवडलात तर परिभाषा अनोळखी वाटते. अर्ज भरण्याआधी एक जुना पेपर दोन्ही भाषांत सोडवून बघा आणि मग ठरवा.

दोन वर्षं कशी वाटून घ्यायची

अकरावीची परीक्षा कॉलेज घेतं, म्हणून मुलं ती हलक्यात घेतात. नीट आणि जेईईत अकरावीचा अभ्यासक्रम पुरेपूर असतो, हे बारावीच्या मेमध्ये आठवून उपयोग नाही. अकरावीत गणपतीपर्यंतचे दिवस पायाचे. घरी गणपती असतात, चाकरमानी येतात, आरत्या-भजनं, आठ-दहा दिवस जातातच, आणि जावेतच. त्याआधी प्रत्येक विषयाची दोन प्रकरणं पक्की झालेली असली की झालं.

बारावीत दिवाळीपर्यंत अभ्यासक्रमाचं पहिलं वाचन, डिसेंबरअखेर बोर्डाच्या पद्धतीने लेखी सराव. बोर्डाची लेखी परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते, म्हणजे नेमक्या शिमग्यात. पालखी दारात येते आणि दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्राचा पेपर असतो. घरातल्यांनी हे आधी बोलून ठेवावं: पालखीचं दर्शन घ्यायचं, पण रात्रभराचं जागरण त्या वर्षी नाही. मग एप्रिल-मे, आंब्याचा हंगाम. बागेत माणसं मिळत नाहीत, मुलाचे हात हवे असतात, हे मला माहीत आहे. पण सीईटी आणि नीट त्याच दिवसांत असतात. पहाटेचे दोन-तीन तास बागेत आणि दिवस अभ्यासाला, अशी वाटणी करून चांगले गुण मिळवलेली मुलं मी पाहिली आहेत.

या दोन महिन्यांत नवीन काही वाचायचं नाही. दिवसाआड एक पूर्ण पेपर घड्याळ लावून, आणि दुसऱ्या दिवशी फक्त चुका. चूक कशाची हे समोर लिहा: संकल्पना कळली नव्हती, आकडेमोड चुकली, की प्रश्नच घाईत वाचला. पंधरा पेपरांनंतर आपल्याच सवयी आपल्याला दिसू लागतात.

क्लास आणि डिप्लोमा

क्लास हवा का? नीट किंवा जेईईची स्पर्धा करायची आणि जवळ शिकवणारं कुणी नसेल तर उपयोग होतो. पण लातूरला, पुण्याला पाठवण्याआधी मुलाची दहावीची गणित-विज्ञानाची उत्तरं बघा आणि मुलाला विचारा. घर सोडून राहणं सगळ्यांना मानवत नाही. कॉलेजात फक्त नाव आणि दिवसभर क्लास, ही पद्धत मला पटत नाही: प्रयोगशाळा सुटते, हजेरीचा प्रश्न येतो.

यंत्रात हात घालायची आवड असलेल्याने दहावीनंतर थेट पॉलिटेक्निकला जावं. रत्नागिरी, मालवण, पेण इथे शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. तीन वर्षांचा डिप्लोमा, मग अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. बारावीच्या वाटेने दोन अधिक चार, या वाटेने तीन अधिक तीन. वर्षं तेवढीच आणि सीईटी नाही.

कागदपत्रं

गुण असून प्रवेश हुकतो तो इथे. राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्याला व्यावसायिक शिक्षणासाठी जात प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज कॉलेजमार्फत जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे करायचा, अकरावीतच करा. नॉन-क्रीमिलेअरची (मागास प्रवर्गातल्या उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याची) मुदत ३१ मार्चला संपते, तारीख बघून नवं काढा. उत्पन्नाचा दाखलाही ताजा ठेवा: वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला असावा लागतो.

वैधतेसाठी जुना पुरावा हवा: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. वडील मुंबईत शिकलेले असतात, आणि आजोबांचं नाव गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असतं, कधी आडनावाशिवाय, कधी नुसतं वाडीच्या नावाने. त्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडून उतारा घ्या. वडिलांकडच्या सख्ख्या काकांकडे किंवा चुलत भावाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत मोठा आधार ठरते. गणपतीला सगळे गावी येतात तेव्हा ती मागून घ्या, आणि वंशावळीवर आजीकडून नावं तपासून घ्या.